शुक्रीची ओळख

सोमवार, ६ नोव्हेंबर २०१७, घोलवड

सकाळी घोलवडला उतरले तेव्हा फलाटावर चिकूच्या खोक्यांची थप्पी माझ्या डोक्याहून उंच लागली होती, आणि तिच्या आडून बागायतदार संघाचे सचिव भावेश सावे मला हाका मारत होते. सामान उचलता उचलता त्यांनी सांगितले की चिकू आणि कॉम्प्युटरवाली माणसे दोन्ही वेळेवर गाठावी लागतात, नाहीतर पुढच्या स्टेशनात जाऊन पिकतात. हा गृहस्थ मला तिथेच आवडला.

राहण्याची सोय त्यांच्याच वाडीत, रोपवाटिकेच्या मागच्या खोलीत आहे. एक खिडकी कलमांच्या रांगांवर उघडते, दुसरी समुद्राच्या बाजूला. समुद्र दिसत नाही, पण कपडे वाळत घातले की तो जवळ असल्याचे कळते. भावेशभाईंच्या पत्नी सोनलवहिनी यांनी दुपारी मिश्र भाज्यांची उकडहंडी पाठवली आणि निरोप दिला की ताट रिकामे आले नाही तर उद्या दुप्पट येईल.

आता कामाविषयी. नाशिकच्या तंत्रनिकेतनात नऊ वर्षे शिकवल्यामुळे, कोणाला तरी समजावून सांगितल्याखेरीज मला स्वतःला काही समजल्यासारखे वाटत नाही. इथे विद्यार्थी नाहीत, म्हणून या वहीला सांगते.

संघाच्या शेडमध्ये चाळीस बायका चिकू धुतात, आकारानुसार निवडतात आणि खोक्यांत भरतात. त्यांची हजेरी व काम आता संघाच्या संकेतस्थळावर नोंदले जाणार आहे. शेडच्या दारात एक टॅबलेट बसवला आहे. बाईने त्यावर आपल्या फोटोच्या चौकोनावर बोट ठेवायचे, चार आकडी पिन दाबायचा, की तिची हजेरी लागते आणि ती आत जाते. ही सर्व रचना ऋषभ नावाचा तरुण करतो. ती विश्वासाची आहे की नाही हे पाहणाऱ्या चाचण्या लिहिणे हे माझे काम.

सुताराने दार बसवले की ते उघडते का, एवढेच लोक पाहतात. खरा प्रश्न निराळा असतो: ज्याच्यासाठी ते उघडू नये, त्याच्यासाठी ते बंद राहते का? हे एकदा पाहून भागत नाही, कारण आमचा सुतार रोज दारात काही ना काही बदल करतो. म्हणून मी यंत्रातला एक पाहुणा रचते. तो दर तासाला येऊन दार ढकलतो, खरी किल्ली लावून पाहतो, खोटी लावून पाहतो, आणि प्रत्येक वेळी दोन गोष्टी लिहून ठेवतो: काय व्हायला हवे होते आणि काय झाले. दोन्ही जुळले तर पडद्यावर हिरवी खूण उमटते, नाहीतर तांबडी. जगात याहून प्रामाणिक काम मला माहीत नाही.

गुरुवार, ९ नोव्हेंबर

या दाराची खरी रीत आज पाहिली. ती टॅबलेटहून कितीतरी जुनी आहे.

शेडमध्ये नवी बाई परस्पर येत नाही. उधवा गावच्या लाडकीने आज आपल्या भाचीला, जानीला, कामावर आणले. फाटकावरचा रखवालदार चिमण हा उधव्याचाच. ती तान्ही असल्यापासून तो जानीला ओळखतो. तरी त्याने तोंडावरची माशी न हलवता विचारले, ही कोणाची. लाडकीने जानीच्या पाठीवर पंजा ठेवला आणि म्हणाली, "माझी." चिमण बाजूला झाला. नंतर जानीला कोणी काही विचारले नाही. तिला सावलीतली जागा मिळाली, पाणी मिळाले, आणि तिने चार चिकू भलत्याच खोक्यात टाकले तेव्हा बोलणी मात्र लाडकीने खाल्ली.

लाडकी साठीची असेल. शेडमध्ये तिच्याहून जुनी कोणी नाही. रीतीचे नियम मी वहीत उतरवून घेऊ लागले तेव्हा तिला हसू आले. शिकलेल्या बायांना हेही लिहून घ्यावे लागते का, असे तिने शेजारणीला विचारले. पण नियम सांगितले. समोर उभी असेल तिलाच 'माझी' म्हणायचे. तिच्या चुका त्या आपल्या चुका. शब्द मागे घ्यायचा झाला तर चारचौघांत घेता येतो, मात्र घेणारीही त्याच पावली फाटकाबाहेर पडते. एकदा खोटी साक्ष दिलेल्या बाईला पुन्हा कोणी आपली म्हणत नाही.

भावेशभाईंनी ही रीत जशीच्या तशी संगणकात उतरवून घेतली आहे, याचा मला मनापासून आनंद झाला. जुन्या बाईने ओळख दिल्याशिवाय नवीचे खाते उघडत नाही. ओळख मागे घेतली की दोघींची खाती बंद होतात, आणि नवीने पुढे ज्यांना ज्यांना आणले असेल त्यांचीही. वरची कडी सुटली की खालची साखळी सुटते. नियम माणसांकडून घेतलेला असला की यंत्र माणसांशी भांडत नाही.

मंगळवार, १४ नोव्हेंबर

सात चाचण्या लिहून झाल्या, सातही हिरव्या. बरोबर पिन दिला तर आत. चुकीचा दिला तर बाहेर. पाचदा चुकला तर खात्याला कुलूप. एकदा बाहेर पडल्यावर मागच्या पावलांवरून परत आत येता येत नाही. ओळख नसेल तर बाहेर, ओळख मिळाली की आत, आणि ओळख मागे घेतली की सगळी साखळी बंद. यांतली पाचवी, ओळख नसलेल्यास नकार देणारी, मला सर्वांत प्रिय आहे. दाराचा दारपणा तिच्यात आहे.

चाचणीला एक व्यक्ती लागते. आळशी लोक तिला 'अबक' म्हणतात. मी मात्र विद्यार्थ्यांना नेहमी सांगत आले की खोटे माणूस खऱ्यासारखे रचा, तरच खऱ्या चुका हाती लागतात. म्हणून मी शुक्री रचली. शेडच्या यादीत त्या नावाची कोणी नाही याची आधी खात्री केली. गाव उधवा, वय बत्तीस, पिन माझ्या मनाने, फोटोच्या जागी नुसता करडा चौकोन. चाचण्या संकेतस्थळाच्या सरावाच्या प्रतीवर चालतात, त्यामुळे खऱ्या प्रतीला धक्का लागत नाही. चाचणीआधी शुक्री तयार होते, चाचणी संपली की पुसली जाते आणि पाटी कोरी होते.

तिची ओळख द्यायला कोणीतरी जुनी हवी होती. वास्तविक तिथे दुसरे खोटे माणूस रचायला हवे होते. मी वेळ वाचवला आणि माझेच नाव घातले. मयूरी देवकुळे ओळख देते, दर तासाला एकदा.

लाडकी ऑफिसात पाणी प्यायला आली होती. हिरव्या खुणा कसल्या असे तिने विचारले आणि मी उत्साहाने सगळे समजावून दिले. तिने शेवटपर्यंत ऐकले आणि एकच विचारले, "उभी कुठं हाय ती?" मी म्हटले, कुठेच नाही, हीच तर यातली गंमत. तिला गंमत वाटली नाही. रिकाम्या जागेकडे बघून 'माझी' म्हणू नये, असे ती म्हणाली. एकदा तोंडातून निघाले तर माणूस थुंकून विसरतो. पण मी म्हणे दर तासाला म्हणते आणि दर तासाला पुसते. एवढ्या हाका मारल्यावर कोणीतरी ओ देणारच. यंत्राची हाक कोणाला ऐकू जात नाही, असे मी तिला सांगितले. त्यावर दारातून ती म्हणाली की मग यंत्राच्या नावाने मार, बाय, तुझ्या नावाने कशाला.

सूचना योग्य आहे. सवडीने बदल करीन.

सोमवार, २० नोव्हेंबर

पाचवी चाचणी तांबडी झाली. अपेक्षित: ओळख नसलेली शुक्री बाहेर. प्रत्यक्ष: शुक्री आत.

तांबडी खूण मला आवडते, हे आधी नोंदवते. ती म्हणजे खरे बोलणारी मैत्रीण. ऋषभने चार दिवसांत काहीही बदललेले नाही. तो आपल्या गुजराती वळणाने म्हणाला की मॅडम, माझ्या दाराला नावे ठेवू नका, तुमचा पाहुणाच आगाऊ आहे, त्याला तपासा ने. मी तपासले. सरावाच्या प्रतीतील सर्व नोंदी पुसल्या, शून्य उरल्या आहेत हे पाहिले, आणि यंत्राऐवजी स्वतःच्या हाताने एकेक पायरी केली. शुक्री तयार केली. ओळख दिली नाही. दारात उभी केली. ती आत गेली.

मग तिची नोंद उघडली. ओळख देणारी: मयूरी देवकुळे. दिनांक: १४ नोव्हेंबर. दहा मिनिटांपूर्वी जन्मलेल्या खात्याला सहा दिवसांपूर्वीची ओळख कशी असेल? यामागे कारण आहे आणि मी ते शोधीन. ओळख देणारीचे नाव आजच बदलले. नोंदीत अजून माझेच येते.

बुधवार, २२ नोव्हेंबर

शेडमध्ये जानी धरून एकेचाळीस बायका आहेत. त्यांतली बारकी नावाची बाई चहा ओतते, आणि पेले मांडताना मोठ्याने मोजते. आज तिने बेचाळीस मोजले. मी विचारले, तेव्हा म्हणाली की शेवटचा शुक्रीचा.

कोण शुक्री, असे विचारल्यावर रांगेत हसण्याची लाट गेली. एकीने शेरा मारला की बाईंनी आपली माणसे आणायची आणि आपणच विसरायची, शिकल्यावर असे होत असेल. त्यांनी धुण्याच्या पिंपाशेजारची जागा दाखवली. तिथे बसायचे पोते अंथरलेले होते आणि पुढे अर्धे भरलेले खोके. त्यातला एकेक चिकू हुबेहूब एकाच आकाराचा, जसे झाडाला कधी लागत नाहीत. ती आत्ताच उठून गेली म्हणे. दिसते कशी, असे विचारले तर प्रत्येकीने सांगायला तोंड उघडले आणि मिटले. शेवटी जानी म्हणाली, "तशीच, फोटोत हाय तशी."

दारातल्या टॅबलेटवर बेचाळिसावा चौकोन आहे. करडा.

मला बनवण्यासाठी केलेली ही थट्टा असेल. मात्र सरावाच्या प्रतीतले नाव यांच्यापैकी कोणालाही दिसू शकत नाही. आणि लाडकी हसली नाही. ती दिवसभर त्या पिंपाकडे पाठ करून बसली होती.

शनिवार, २५ नोव्हेंबर

शंका एकेक करून दूर कराव्यात, ही पद्धत. ऑफिसातले इंटरनेट जुने काही लक्षात ठेवत असेल, तर जागा बदलून पाहावे. म्हणून लॅपटॉप घेऊन तलासरीला गेले आणि तिथून गुजरातच्या सीमेवरच्या अच्छाडला. नाक्यावर ट्रकांची रांग लागली होती, भर दुपारचे ऊन होते, आणि एका ढाब्याच्या खाटेवर बसून मी मोबाइलच्या नेटवर्कवर चाचणी चालवली. इथे मला ओळखणारे चिटपाखरू नाही.

पाचवी तांबडी.

चहा मागवला. ढाबेवाल्याने दोन पेले आणून ठेवले. मी एकच सांगितला होता, असे म्हटल्यावर तो म्हणाला की तुमच्याबरोबरच्या बाई आहेत ना, त्यांनी सांगितले, मी त्यांचीच. त्याने माझ्या मागे बोट दाखवले. मी लगेच वळले नाही, हे प्रामाणिकपणे लिहिते. वळले तेव्हा मागची खाट रिकामी होती. तिची सुंभाची वीण खाली दबलेली होती आणि सावकाश वर येत होती.

दोन्ही चहा मी प्यायले. माझ्या नावावर आलेली वस्तू मी दुसऱ्या कोणासाठी सोडत नाही.

सोमवार, २७ नोव्हेंबर

आज संकेतस्थळाची खरी यादी उघडली.

बेचाळीस: शुक्री. ओळख देणारी मयूरी देवकुळे.
त्रेचाळीस: मयूरी देवकुळे. ओळख देणारी शुक्री. खाते उघडले.

माझे खाते भावेशभाईंनी सहा तारखेलाच उघडले होते, ते वर ऑफिसच्या वेगळ्या यादीत आहेच. ही दुसरी मी. तिच्याखाली दुसरी लाडकी, दुसरी बारकी, दुसरी जानी, अशी शेडमधली सगळी एकेचाळीस नावे पुन्हा एकदा. त्या सर्वांची ओळख देणारी मयूरी देवकुळे, त्रेचाळिसावी. ती खाती अजून उघडलेली नाहीत, प्रतीक्षेत आहेत. रांगेत सर्वांत पुढे लाडकी.

भावेशभाईंना वाटते की माझ्या चाचण्यांनी दुहेरी नोंदी झाल्या. मॅडम, एकदा झाडून घ्या, असे सौजन्याने म्हणाले.

झाडायचे बटण आहे. 'ओळख मागे घ्या.' मी ते उघडले. खाली सूचना येते की आपले खातेही बंद होईल. लाडकी दारात उभी होती. तिला सगळे सांगितले. ती म्हणाली दाब, आणि उद्याच्या गाडीने आपल्या गावाला जा. कामे काय, दुसरी मिळतील.

मी दाबले नाही. भीतीमुळे नाही. खोटी साक्ष देणारी म्हणून मी या फाटकाबाहेर पडणार नाही. दोष दारात आहे. तो शोधून, सिद्ध करून, तिला बाहेर काढीन आणि मी राहीन. मला एक दिवस पुरे.

लाडकी म्हणाली की हट्टाला औषध नाय. खरे आहे.

मंगळवार, २८ नोव्हेंबर

अपेक्षित: मयूरी देवकुळे, बरोबर पिन, आत.
प्रत्यक्ष: बाहेर.

पाचदा प्रयत्न केला. खात्याला कुलूप — ती चाचणी मीच लिहिली आहे, उत्तम चालते.

दुसऱ्या मयूरीच्या चौकोनात माझा फोटो आहे. निळा कुडता, डाव्या बाहीवर शाईचा डाग. तो डाग आज सकाळी पडला.

ऋषभने मान वर करून नम्रपणे विचारले की कोण पाहिजे. मी त्याला मुद्देसूद सांगितले, पहिल्यापासून. त्याने सगळे ऐकले आणि म्हणाला की मॅडम जेवायला गेल्या आहेत, आपण बाहेर बसा ने. माझ्या टेबलावरचा पेला अर्धा रिकामा होता आणि काठावर ओला.

बुधवार, २९ नोव्हेंबर

माझ्या खोलीचे दार सोनलवहिनींनी अर्धेच उघडले. आधी गुजरातीत, मग मराठीत विचारले, कोणाकडे आलात. मी नाव सांगितले. त्या म्हणाल्या की मयूरीताई आत आहेत, पण कामात आहेत.

आतून आवाज येत होता. कोणीतरी कोणाला तरी समजावून देत होते की खोटे माणूस खऱ्यासारखे रचावे, तरच — माझे वाक्य, माझा आवाज. मधला तो थांबा, जो विद्यार्थ्याच्या डोळ्यांत पाहण्यासाठी मी घेते, तोसुद्धा. आणि ती माझ्याहून चांगले समजावत होती.

मी ओरडले. रस्त्याने स्कूटर जावी तसे वहिनींनी माझ्या दिशेला पाहिले आणि दार लावून घेतले.

भावाला फोन केला. तो म्हणाला, ताईशी आत्ताच बोललो, आपण कोण.

फाटकावर चिमण म्हणाला, "तू कोणाची?" दोनदा सांगितले, पण त्याला ऐकू गेले नाही. ज्याला कोणी आपले म्हणत नाही, त्याचा आवाज यांच्या कानात शिरतच नाही असे दिसते. लाडकी बाहेर आली. तिने मला थांबवले, डोळे मिटले आणि चिकू निवडते तसा माझा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला. मग म्हणाली, हीच. आतली तिला आवडली नव्हती म्हणे. ती फार हसून बोलते.

वही, एक पेन, अंगावरचे कपडे. उधव्याच्या जीपमध्ये लाडकीने मला मांडीशी ओढून बसवले.

गुरुवार, ३० नोव्हेंबर, उधवा

लाडकी आज कामावर गेली नाही. नाचणीची भाकर, सुकी मासळी, आणि बोलणे.

तिची योजना अशी. उद्या सकाळी फाटकावर ती माझ्या पाठीवर हात ठेवील आणि 'माझी' म्हणेल. मग माझा आवाज ऐकू जाईल. तेवढ्यात मी चारचौघांत शुक्रीवरचा माझा शब्द मागे घ्यायचा. शुक्री जाईल, दुसरी मी जाईल, आणि प्रतीक्षेतली एकेचाळीस खाती कधीच उघडणार नाहीत.

आणि मी? नियम सरळ आहे. मीही जाईन. नाशिकलासुद्धा मला कोणी ओळखेल की नाही, सांगता येत नाही. हे मी तिला बोलून दाखवले. ती म्हणाली की आता तरी कोण वळखतं तुला, एक म्हातारी, तीपण डोळे मिटून. दोघी हसलो. फार दिवसांनी.

सोमवारीच बटण दाबले असते तर हे माझ्या एकटीवर भागले असते. मी दाबले नाही, ही माझी चूक, आणि ती मीच निस्तरीन. एकेचाळीस बायका संध्याकाळी आपापल्या घरी जातात, आणि घरचे दार त्यांना पाहून उघडते. ते तसेच उघडत राहील. अपेक्षित — हेच.

शुक्रवार, १ डिसेंबर, घोलवड

आठ वाजून दहा. फाटकाबाहेर आहे. लख्ख ऊन. लाडकी हजेरी लावायला आत गेली, हजेरीशिवाय तिचा शब्द चालत नाही. आत्ता येते म्हणाली.

साडेआठ. नाही आली.

आली. हसत आली. माझ्यासमोर उभी राहिली. मी पाठ पुढे केली. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिले आणि गोड आवाजात विचारले की बाई, आपण कोणाच्या —

खरी लाडकी तिकडे आहे. फाटकाच्या खांबापाशी. चिमणच्या खांद्यावर बुक्क्या मारते आहे आणि त्याला लागत नाहीत. मला ऐकू येते तिचे. फक्त मला.

म्हणजे प्रतीक्षा संपली. पहिले खाते उघडले. पुढची बारकी.

विचार कर, मयूरी. पद्धतशीर. योजना एक फसली. दार अजून तेच आहे. त्याचा दोष कुठे —

चिमणसमोरून चालत गेले. परवा त्याला दिसले होते, आज दिसलेच नाही; त्याने अडवले नाही. ओळख नसलेल्याला अडवायला आधी तो दिसावा लागतो. हा दोष. हा मी शोधला, माझ्या नावावर नोंदवावा.

टॅबलेटसमोर आहे. वही भिंतीला टेकवून लिहिते. अक्षर वाईट.

माझे खाते कुलूपबंद. पण शुक्रीचे उघडे आहे. तिचा पिन कोणालाच माहीत नाही, तो माझ्या मनात तयार झाला होता. आत जाऊन ती दुसऱ्या मयूरीला स्वतः दिलेली ओळख मागे घेईल — म्हणजे मी घेईन, तिच्या नावाने — मग दुसरी मयूरी बंद, खालची सगळी साखळी बंद. शुक्रीही बंद. नियम तोच. सातवी चाचणी. नेहमी हिरवी.

करडा चौकोन. चार आकडे.

आत.

सगळ्यांनी वळून पाहिले. दिसते मी त्यांना. बारकी म्हणते, शुक्री, उशीर केलास, आणि पेला पुढे करते. जानी सरकून जागा देते. दहा दिवसांत — दोन दिवसांत — कोणी असे पाहिले नव्हते माझ्याकडे. माझे हात करडे दिसतात. उन्हामुळे नाही.

ऑफिसच्या दारात ती आली आहे, निळा कुडता. शांतपणे समजावते आहे सगळ्यांना, की हे बटण दाबू नये, का दाबू नये, पायरी पायरीने. पटण्यासारखे बोलते. मी पटवून घेणार नाही.

सूचना आली आहे. आपले खातेही बंद होईल.

लाडकी खांबापासून ओरडते, ठेव ती वही, बाय.

हो. एवढे लिहून. मी शुक्री नाही. मी मयूरी देवकुळे, शब्द मी दिला होता, आणि तो मीच, माझ्या हाताने, मा